सात नंबरची टोपली

मी हुशार होते. हे माझं मलाच सांगावं लागतं, कारण आमच्या घरात ते दुसरं कुणी सांगणार नव्हतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, दोन हजार सहाच्या सुमारास, माझ्या डोक्यात अशी काही हवा गेली होती की ती आता आठवली तरी कान गरम होतात. त्या हवेपायी एका बाईची काजूच्या कारखान्यातली जागा जायची वेळ आली. ती बाई परकी नव्हती, आमच्या शेजारचीच काकी होती.

माझा प्रोजेक्ट असा होता. एक मोठं काम अनेक कंप्युटरांत वाटून द्यायचं. एक कंप्युटर नुसता वाटणारा, त्याला मास्टर म्हणायचं. बाकीचे काम करणारे, ते वर्कर. कुणाला किती काम द्यायचं आणि कधी, म्हणजे सगळं मिळून लवकरात लवकर उरकेल, एवढंच ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नाही. एखादा वर्कर चपळ असतो, एखादा रेंगाळणारा. सगळ्यांना सारखं काम दिलं तर चपळ आहेत ते हात बांधून बसतात आणि सगळा खेळ त्या एका रेंगाळणाऱ्यापाशी अडून राहतो.

आता आमच्या कॉलेजात एकमेकांशी धड बोलतील असे तेरा कंप्युटर नव्हतेच. लॅबमधल्या निम्म्यांवर कायम कापड घातलेलं. म्हणून मी ही सगळी मंडळी एकाच कंप्युटरच्या पोटात बसवली होती. खोटा मास्टर, खोटे बारा वर्कर, खोटी कामं आणि खोटं घड्याळ. ह्याला सिम्युलेशन म्हणतात. माझ्या घड्याळात अख्खा दिवस दोन सेकंदांत संपायचा, आणि ते बघताना मला वाटायचं की जगात आपल्याला अडवणारं कुणी नाही.

अडवायला आमचे गाइड सर होते. त्यांनी दोन खोड्या काढल्या. पहिली म्हणजे, तुझे वर्कर किती चपळ आणि किती मंद, हे आकडे आणलेस कुठून? मनानेच टाकले होते. सर म्हणाले, बाहेरून येणारे परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील, मग काय करशील? दुसरी खोडी म्हणजे, एखादा वर्कर मधेच गप्प झाला तर काय? मास्टरने त्याचं नाव खोडायचं नाही, असं सरांचं म्हणणं. त्याच्यापुढे ‘गैरहजर’ लिहायचं, त्याचं काम दुसऱ्यांना द्यायचं आणि मधूनमधून त्याला विचारत राहायचं की बाबा, आलास का? मला ते फुकटचं लफडं वाटलं. तरी कुरकुरत वीस-पंचवीस ओळी लिहून टाकल्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला एसटीत बसल्या बसल्या सुचलं. बारा वर्कर आणि एक मास्टर आमच्या घरापासून दोन स्टॉपांवर रोज सकाळी हजर असतात. मास्टर म्हणजे माझी आई.

आई आचऱ्याहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका काजू कारखान्यात मुकादम होती. तिच्या शेडमध्ये सोलणीचं काम चालायचं. भट्टीतून सुकून आलेल्या काजूगराचं तांबूस साल छोट्या सुरीने आणि नखाने काढायचं, गर मोडू द्यायचा नाही. बारा बायका एका ओळीत पाटावर बसायच्या. प्रत्येकीपुढे एक टोपली, बाजूला एक ताट. टोपल्या भरून कुणाला कधी द्यायच्या, हे आई ठरवायची. मोजमाप काही नाही. ओळीवरून एक नजर फिरवायची आणि टोपली उचलून कुणाच्या तरी पुढ्यात ठेवायची.

मी वही आणि मनगटी घड्याळ घेऊन आठ दिवस शेडच्या कोपऱ्यात बसले. बायकांना एक ते बारा नंबर दिले. कुणी टोपली कधी घेतली आणि कधी संपवली, सगळं लिहिलं. बायकांनी माझी भरपूर थट्टा केली. चेडू आता आमचो श्वास पण मोजतला, म्हणाल्या. चेडू म्हणजे पोरगी, ती मी. मी मान वर केली नाही. मला त्यांच्यात रस नव्हता, त्यांच्या मिनिटांत होता.

आणि आईचा कारभार बघून माझं तर डोकंच फिरलं. सहा नंबर आणि आठ नंबरच्या बायकांना ती कायम अर्धवट भरलेल्या टोपल्या द्यायची. मधे बसलेल्या काकीला, म्हणजे सात नंबरला, शिगोशीग भरलेली. तरी सहा आणि आठ आपल्या अर्ध्या टोपलीला इतरांच्या भरल्या टोपलीएवढाच वेळ लावत होत्या. काकीची भरली टोपली मात्र वेळेत रिकामी होत होती. मी वहीत लिहिलं की सात नंबर सगळ्यांत चपळ, सहा आणि आठ सगळ्यांत मंद, आणि मास्टर त्या मंदांना पाठीशी घालतो. आईला तसं बोलूनही दाखवलं. ती फक्त म्हणाली, बरा.

आकडे माझ्या सिम्युलेशनमध्ये घातले. आईची शेड रोज पावणेपाचला उरकायची. माझ्या मास्टरने तेच काम पावणेचारला उरकून दाखवलं. युक्ती साधी होती. नजरेने नाही, घड्याळाने वाटायचं. जो चपळ त्याला मोठी टोपली, जो मंद त्याला छोटी, आणि टोपली संपली की त्याने स्वतः दुसरी मागायची. एक तास वाचला. फार आनंद झाला. तेव्हाच मी जिभेला गाठ मारून घरी बसायला हवं होतं. पण मी कागद घेतला आणि थेट कारखान्याच्या शेठकडे गेले.

शेठ वाईट माणूस नव्हता, पण व्यवहाराचा पक्का. त्याने कागद उलटसुलट करून बघितला आणि दुसऱ्याच क्षणी त्याला त्यात माझ्या ध्यानीमनी नसलेलं दिसलं. तास वाचतो म्हणजे एक बाई जास्त आहे. शनिवारी तुझ्या पद्धतीने एक दिवस चालवून बघू, म्हणाला. जी सगळ्यांत मागे राहील तिला शिमग्यानंतर येऊ नको म्हणून सांगू.

मी तिथेच कागद परत मागायला हवा होता, पण खोटं कशाला सांगू, मागितला नाही. माझ्या मनात होतं की सहा किंवा आठ जाईल, त्या तशाही कामचुकारच. घरी येऊन सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. हात थांबवून ती म्हणाली, “नको करू गो ह्या.” का, ते सांगेना. मला वाटलं, तिला पोटच्या पोरीचं शहाणपण सहन होत नाही. मी तोंडावर तसं म्हटलं. तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली.

शनिवारी आईच्या जागी मी उभी राहिले. हातात यादी. नियम सांगितला की जिची टोपली तिनेच सोलायची, दुसरीच्या टोपलीत हात घालायचा नाही, संपली की मला हाक मारायची. हा नियम मी माझ्या प्रोग्राममधून जसाच्या तसा आणला होता. माझे खोटे वर्कर एकमेकांशी बोलत नव्हते, फक्त मास्टरशी बोलायचे. आई दाराशी बसून मोडक्या गरांचा तुकडा निवडत होती. बायका त्या दिवशी थट्टा करत नव्हत्या. शेठचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

पहिल्या तासातच माझी यादी कोलमडली. सहा नंबरने टोपली इतक्या लवकर संपवली की मी तिचं ताट चाळून बघितलं. एकही गर सालाचा नव्हता. आठ नंबरचंही तेच. ज्यांना मी मंद लिहिलं होतं त्या शेडमधल्या सगळ्यांत चपळ बायका निघाल्या. आणि काकी, जिला मी माझ्या यादीतली सगळ्यांत मोठी टोपली दिली होती, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्ध्यावरही आली नव्हती.

चार वाजता सगळ्या टोपल्या वाटून झाल्या होत्या. अकरा बायका हात मांडीवर ठेवून गप्प बसलेल्या. यादीप्रमाणे काकीच्या वाटणीची दीड टोपली अजून शिल्लक. सहा नंबरचा हात आपसूक काकीच्या टोपलीकडे गेला, एक मूठ उचलायला. शेजारणीची टोपली मागे पडली की न बोलता त्यातली मूठ काढून आपल्या ताटात सोलायची, हा त्या ओळीचा रोजचा परिपाठ होता. माझ्या समोर आठ दिवस चालू होता, आणि मी घड्याळाकडे बघत बसले होते. त्यांची मिनिटं म्हणून जी मी लिहिली ती त्यांची नव्हतीच. सहा आणि आठ मिळून तिघींचं काम करत होत्या. आई त्यांना अर्धी टोपली देत होती ती ह्यासाठी.

हे सगळं मला त्या क्षणी कळलं असतं तर बरं झालं असतं. पण मी चिडले होते. माझा तास वाचायचा सोडून वाढत चालला होता. मी सहा नंबरवर ओरडले, “हात लावू नको.” माझ्या आईच्या वयाची बाई. तिने मूठ परत टोपलीत सोडली. माझा तो आवाज मला अजून ऐकू येतो आणि अजून लाज वाटते.

मग काकीपाशी जाऊन बसले. घाई कर सांगायलाच बसले होते. तिच्या ताटातले गर बघितले तर निम्म्यांवर साल तसंच होतं. मी एक सोललेला गर आणि एक न सोललेला असे दोन तळहातावर धरून विचारलं, ह्यातला सोललेला कुठला? काकीने बघितलंच नाही. माझा तळहात चाचपला, एकेक गर नखाने घासला आणि मग बरोबर उत्तर दिलं. एवढ्या उजेडात, दारासमोर बसून.

तेवढ्यात शेठ आला. अकरा रिकाम्या टोपल्या आणि एक भरलेली बघितली, काकीकडे बघितलं आणि म्हणाला की मग शिमग्यानंतर हीच. तो गेल्यावर बायकांनी एकमेकींत काकीची टोपली वाटून घेतली आणि सव्वापाचला शेड उरकली. आईपेक्षा अर्धा तास उशिरा.

वाटेत मी आईला काकीच्या डोळ्यांचं सांगितलं तेव्हा ती रस्त्यातच थांबली. तिला माहीत नव्हतं. वर्षभर काकी सगळ्यांना सांगत होती की खांदा दुखतो, हात उचलत नाही. ओळीने ते खरं धरलं आणि तिच्या वाटणीचं सोलत राहिली. त्यात कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

आम्ही दोघी तशाच तिच्या घरी गेलो. काकीने आढेवेढे घेतले नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. घरापासून रस्त्यापर्यंतची पावलं तिने पाठ केली होती, एसटीचा नंबर दुसऱ्यांना विचारायची. नवरा गेलेला, एकुलती मुलगी सावंतवाडीला दिलेली, आणि जावयाच्या दारात बसून खायचं नाही ही तिची जिद्द. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होत होतं, तेही तिला ठाऊक होतं. पण मग महिना-दीड महिना घरी बसावं लागणार. रिकामी जागा कोण ठेवतो? तिने माझ्या दिशेने तोंड करून विचारलं, “ऑपरेशनाक गेलंय तर माजी जागा ऱ्हवतली मां?”

जागा जायला मीच कारण झाले होते.

रविवारी सकाळी मी घरच्या जुन्या कंप्युटरपुढे बसले. पहिल्यांदा खरे आकडे घातले, म्हणजे शनिवारचे. मग वर्करांना एकमेकांच्या टोपलीतून मूठ काढायची मुभा दिली. प्रोग्रामने पावणेपाच सांगितलं, आईची वेळ, मिनिटाचाही फरक नाही. मी खुर्चीत मागे टेकले. मॉडेल पहिल्यांदाच खरं बोलत होतं. मग मी सात नंबर काढून टाकला आणि अकरांवर चालवलं. पाच वाजायला पाच मिनिटं. काकी असली काय, नसली काय, शेडला जेमतेम दहा मिनिटांचा फरक. शेठचं बरोबर होतं. मी आणखी चार वेळा चालवून बघितलं, काही बदललं नाही, आणि मग मला रडू फुटलं. प्रोग्राम चुकला असता तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या. तो चुकत नव्हता.

सरांनी लिहायला लावलेल्या त्या ओळी तेव्हा पडद्यावर समोरच होत्या. गप्प झालेल्या वर्करचं नाव खोडायचं नाही, गैरहजर लिहायचं. मी बघत राहिले. माझा एकच आकडा दोन गोष्टी सांगत होता. अकरांत भागतं, म्हणून काकीला काढा, असं शेठ वाचणार. पण अकरांत भागतं, म्हणून काकीला दीड महिना सोडता येतं, हेही तोच आकडा म्हणत होता. मग मी आणखी एक गोष्ट करून बघितली. दहांवर चालवलं. पावणेसहा. शेवटची एसटी साडेपाचला जाते.

सोमवारी मी शेठकडे गेले. या वेळी दोन कागद घेऊन. म्हटलं, शनिवारी माझी पद्धत हरली, आईची जिंकली, तेव्हा तो पहिला कागद फाडून टाका. हा नवा बघा. सात नंबरला दीड महिना सोडलंत तर तुमचं दहा मिनिटांपलीकडे काही अडत नाही. तिचे डोळे परत येतील आणि तीही. तिचं नाव तेवढं खोडू नका.

शेठने कागद वाचला. त्याने विचारलं तो प्रश्न मी रात्रभर स्वतःला विचारला होता. “अकरांत भागतं तर बारावी पाहिजे कशाला?”

मी दुसरा कागद पुढे केला. ओळीत अकराच ठेवल्यात आणि कुणाचं पोर आजारी पडलं, कुणी बाळंतपणाला गेली, की उरल्या दहा. दहांना पावणेसहा वाजतात. साडेपाचची एसटी गेली की बायका शेडमध्ये थांबणार नाहीत, टोपल्या तशाच पडणार, आणि दुसऱ्या दिवशीचा माल त्याच्यावर. बारावी बाई ही कामासाठी नसते, बाकीच्यांतली एक पडते त्या दिवसासाठी असते. हे मी मोठ्या माणसाला शिकवल्यासारखं बोलले. माझा स्वभावच तो. पण गेल्या पावसात तीन बायका तापाने पडल्या होत्या आणि त्या आठवड्यात शेडचं काय झालं होतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याने कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, दीड महिना. वर एक दिवस गेला तर मला तोंड दाखवू नको.

काकी दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशनला गेली. आईने बाराची कामं अकरांत वाटली, तिच्या जुन्याच पद्धतीने, नजरेने. काकीचा पाट तिने भिंतीला टेकवून ठेवला. त्या दिवसांत माझी तोंडी परीक्षाही झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खरंच पहिलं तेच विचारलं, आकडे कुठून आणले. मी म्हटलं, काजू सोलणाऱ्या बायकांकडून, आणि पहिल्यांदा चुकीचे आणले होते. मग त्यांना सगळं सांगत बसले. मार्क चांगले पडले. पण माझं लक्ष दिवस मोजण्यात होतं.

चाळिसाव्या दिवशी काकी आली. मोठा चष्मा, डोळ्यांची अजून काळजी घ्यायची, पण आली ती एकटी, आपल्या पायांनी, दाराच्या उंबऱ्याकडे बघत. शेठ ऑफिसच्या दारात उभा होता. तिने त्याला राम राम केला, भिंतीचा पाट उचलला आणि सहा आणि आठच्या मधे ठेवून बसली.

मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. तिची माफी मागायची होती, शब्द जुळवत होते. तिने मला बोलूच दिलं नाही. एका डोळ्याचं वेळेवर झालं, म्हणाली, दुसऱ्याचं डॉक्टर म्हणतात तितकंसं नक्की नाही, फार उशीर झाला. मग तिने ओळीतल्या बायकांकडे हात केला. राग नव्हता, जे आहे ते सांगत होती. “ह्यो मी मरासर माजी टोपली सोलीत ऱ्हवल्यो असत्यो. आणि मी आंधळी होवन मेलंय असतंय. तू मोजलंस म्हणान कळला.”

सहा नंबरने मान खाली घातली. मला वाटलं आई काहीतरी म्हणेल. वर्षभर त्या ओळीला सांभाळून घेणारी तीच होती, आणि प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे उत्तर असायचं. ती बायकांना टोपल्या वाटत राहिली.

पुढच्या सोमवारी कॉलेजला जायला मी निघाले तर आईने मला हाक मारून आपल्याबरोबर शेडमध्ये नेलं. तिथे तिने सगळ्यांना सांगितलं की आजपासून महिन्यातला पहिला सोमवार जिची टोपली तिनेच सोलायची. कुणी कुणाला हात लावायचा नाही. त्यावरून कुणाला बोलणं नाही, कुणाची जागा जाणं नाही, शेठला तर सांगायचंच नाही. फक्त कोण मागे पडतं ते बघायचं, आणि का, ते विचारायचं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नेहमीसारखं.

बायकांनी माना डोलावल्या. आईने बारा टोपल्या वाटल्या. मग तेरावी भरली, ओळीच्या टोकाला एक पाट टाकला आणि लुगडं सावरून त्याच्यावर बसली. मुकादम झाल्यापासून ती त्या ओळीत बसली नव्हती. सुरी हातात घेऊन तिने माझ्याकडे बघितलं.

“माजी पण मोज गो,” म्हणाली.